मी 'नाही' म्हटलं तर काय होईल? पॉलिअ‍ॅमरीबद्दल विचारणाऱ्या एका ताईंना उत्तर

आलेला प्रश्न, थोडक्यात: "वय ३६, लग्नाला ११ वर्षं झाली. गुहागर तालुक्यात सासू-सासरे, मी आणि चौथीतली मुलगी असे राहतो. मी पतपेढीत नोकरी करते. नवरा पुण्यात कंपनीत आहे, महिन्यातून दोनदा शनिवारी येतो. दिवाळीत त्याने सांगितलं, की तिथे आठ महिन्यांपासून त्याची एक मैत्रीण आहे. दोघींवर त्याचं प्रेम आहे, तो 'पॉली' आहे आणि मी हे समजून घ्यावं, असं म्हणतो. वाचायला लिंकाही पाठवल्या. असं खरंच काही असतं, की लफड्याला दिलेलं हे नवं नाव आहे? असे लोक राहतात तरी कसे? आणि मला पटत नसेल तर मी मागासलेली का?"

ताई, असं खरंच असतं. पण तुमच्या घरात आत्ता जे चाललं आहे ते अजून तरी ते नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून जरा लांबून सुरुवात करते. रत्नागिरीत मी २४ वर्षं जोडप्यांचं समुपदेशन करते आहे. पहिली १५ वर्षं माझ्या खोलीत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आता वर्षाला चार-पाच जोडपी तो घेऊन येतात, आणि ती सगळी काही पुण्या-मुंबईची नसतात.

पॉलिअ‍ॅमरी म्हणजे एका वेळी एकाहून जास्त माणसांशी प्रेमाचं नातं असणं, आणि त्यातल्या प्रत्येकाला ते माहीत असणं, मान्य असणं. ग्रीकमध्ये 'पॉली' म्हणजे अनेक, लॅटिनमध्ये 'आमोर' म्हणजे प्रेम. हा जोडशब्द अमेरिकेत १९९० च्या सुमारास रूढ झाला. ओपन रिलेशनशिप म्हणतात ती थोडी वेगळी. तिथे प्रेम दोघांतच राहतं, मोकळीक बहुधा शरीरापुरती असते. पॉलिअ‍ॅमरीत मात्र दुसऱ्या माणसाच्या आजारपणात जागणं, त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाला जाणं, त्याच्याशी भांडणं, हे सगळं येतं. अमेरिकेतल्या साडेतीन हजारांच्या आसपास अविवाहित लोकांच्या एका पाहणीत (२०२१) साधारण नऊजणांत एकाने असं नातं कधी ना कधी अनुभवल्याचं सांगितलं. म्हणजे हे चार विक्षिप्त माणसांचं खूळ नाही. पण त्या नऊजणांतल्या एकाने तुम्हाला काही बंधन घातलेलं नाही, हेही लक्षात असू द्या.

व्याख्यानाला गेले की कुणीतरी हमखास द्रौपदीचं नाव काढतं. पाच जणांत वाटून घ्या, हे कुंतीच्या तोंडून निघालं. द्रौपदीला कुणी विचारलं होतं का, तेवढं मला सांगा. हिमाचलच्या सिरमौर भागात दोन भावांनी एकाच मुलीशी लग्न केल्याची बातमी जुलै २०२५ मध्ये आपल्याकडेही गाजली. तिथे त्या प्रथेला जोडीदारा म्हणतात. डोंगरातली तुटपुंजी जमीन भावाभावांत तुकडे न होता राहावी, हे तिच्यामागचं मोठं कारण. अशा प्रथा म्हणजे लग्नाच्या व्यवस्था. त्यांचा पाया घर आणि जमीन. पॉलिअ‍ॅमरीचा पाया एकच, विचारणं. तोच नसेल तर बाकी सगळं कितीही आधुनिक दिसलं तरी ते पॉलिअ‍ॅमरी नव्हे.

"आपल्या कोकणात हे पूर्वापार होतंच की," असंही मला पुष्कळदा ऐकवतात. मुंबईत चाकरमान्याचं दुसरं घर असायचं, गावच्या बायकोला ठाऊक असायचं, दोन्ही घरं चालायची. यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या वाडीत एक काकी होत्या. काका गिरणीत. दर महिन्याला पोस्टमन पडवीत बसून मनीऑर्डरचे पैसे मोजायचा आणि काकी पदराला हात पुसून सही करायच्या. पुढे मनीऑर्डर दोन महिन्यांनी यायला लागली, मग तीन. गणपतीला मुंबईहून आलेली माणसं काही सांगायची नाहीत, पण बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची, आणि काकींना ते गप्प होणं कळायचं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. पावसाच्या तोंडाला काका ट्रंक घेऊन गावी आले. दोन महिन्यांनी एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात धरून एसटीतून उतरली आणि आमच्या वाडीचा रस्ता विचारू लागली. काकींनी आधी त्या मुलाला पेज वाढली, लोणच्याची फोड ठेवली, त्याचं होईपर्यंत समोर बसल्या. मग माजघरात जाऊन दार लावून घेतलं. वाडीने त्याला काकींचं मोठं मन म्हटलं. वर्षानुवर्षं तेच ऐकत मी वाढले.

त्यांना कुणी कधी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी त्या हो म्हणाल्या असत्या, कारण नाही म्हणून जायला माहेरी कुणी उरलं नव्हतं आणि सासरच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं. माझ्यासमोर बसून कुणी "हिला चालतं, हिने हो म्हटलंय" असं सांगतं, तेव्हा मला पहिल्यांदा त्या काकी दिसतात. त्या हो-च्या मागे नाही म्हणायला जागा होती का, हे मी आधी शोधते. त्या एका गोष्टीवर मी सगळं तोलते, आणि तुमच्याबाबतीतही तेच करणार आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लोक राहतात कसे.

सगळ्यात जास्त दिसणारा आकार म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखा. मध्ये एक माणूस, त्याची दोन बाजूंना दोन नाती. बाजूच्या दोघांचं आपसात प्रेम नसतं, असायची गरजही नसते. कधी ती एकमेकांची छान मित्र होतात, कधी फक्त नाव आणि फोन नंबर माहीत असतो. मधल्या माणसाला इंग्रजीत हिंज म्हणतात, म्हणजे आपली बिजागरी, आणि शब्द अगदी नेमका आहे. सगळा भार तिच्यावर येतो. चांगली बिजागरी इकडचं बोलणं तिकडे नेत नाही. "मला यायचं होतं गं, पण ती सोडत नाही" असं म्हणत नाही. "मी आज येत नाही, हा माझा निर्णय आहे" असं म्हणते आणि समोरच्याचा राग स्वतःच्या अंगावर घेते. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या पॉली नात्यांपैकी निम्मी तरी इथेच बिघडलेली असतात. बाजूच्या दोघी एकमेकींवर चिडलेल्या असतात आणि मधला बिचाऱ्यासारखा तोंड करून बसलेला असतो.

तिघांचं एकमेकांवर प्रेम, असाही आकार असतो. काहीजण एका नात्याला मुख्य मानतात, दुसऱ्याला त्याच्या मागे ठेवतात. काहींना ही उतरंड मान्य नसते. काही एकाच ताटा-पाटाला बसतात, काही दोन नाती रेल्वेच्या रुळांसारखी वेगळी ठेवतात. यातलं अमुक खरं नि तमुक खोटं असं नाही.

एक घर दाखवते. त्यांना विचारून, ओळख लागू नये इतके तपशील बदलून. मालवणच्या बाजूला समुद्राला लागून एक जोडपं होमस्टे चालवतं. दोघंही चाळिशीत. तिचा एक मित्र गोव्यात नोकरीला आहे, सहा वर्षांपासून त्यांचं नातं आहे. नवऱ्याला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. आधी नऊ-दहा महिने नुसतं बोलणं चाललं, मग नातं. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यावर तीन रंगांच्या खुणा. निळी म्हणजे पाहुणे आहेत, हिरवी म्हणजे मित्र येणार, लाल म्हणजे नवरा-बायकोचा स्वतःचा दिवस, त्या दिवशी बुकिंग घ्यायचं नाही नि मित्राचा फोनही नाही. मे महिना सगळा निळा. पावसाळ्यात पाहुणे नसतात तेव्हा हिरवं आणि लाल. मी विचारलं, इतकं लिहून कशाला ठेवायचं? नवरा म्हणाला, "लिवलेला नसला तर मगे मनात लिवला जाता."

हेच नवरोबा एकदा तिसऱ्या वर्षी माझ्याकडे आले, फार अस्वस्थ. रात्रींचं त्यांना काही वाटत नव्हतं. मग काय झालं, हे सांगायला त्यांना अर्धा तास लागला. त्यांची बायको सोलकढी करताना लसूण घालायची, ती त्यांच्या आईची पद्धत. मित्राला लसूण चालत नव्हती. हळूहळू तो नसला तरी कढीतून लसूण गेली. "माका रात्रीचा काय एक वाटूक नाय, पण कढयेत लसूण कित्याक नाय?" आणि एवढा धिप्पाड माणूस रडला. बायकोला हे सांगितल्यावर तिला धक्काच बसला. तिच्या हाताने हे कधी बदललं ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. आता त्यांच्याकडे दोन पातेल्यांत कढी होते.

मत्सर असा असतो, ताई. आपण त्याला बिछान्यात शोधतो आणि तो कढीत सापडतो. पॉली लोकांना मत्सर वाटत नाही हा मोठा गैरसमज आहे. वाटतो, चांगलाच वाटतो. फरक एवढाच की तो वाटला म्हणजे कुणीतरी गुन्हा केला असं ते धरत नाहीत, आणि गिळूनही टाकत नाहीत. नेमकी कशाची भीती आहे ते शोधतात. माझी जागा जाईल याची? वेळ कमी पडतोय याची? आपली खास गोष्ट दुसऱ्याला दिली याची? प्रत्येक भीतीला वेगळा उपाय लागतो. आपल्या माणसाला दुसऱ्याबरोबर आनंदात पाहून आपल्याला बरं वाटणं, यालाही त्यांच्यात एक शब्द आहे, कम्पर्शन. काहींना ते खरंच वाटतं. ते वाटलंच पाहिजे असं मात्र नाही, आणि वाटत नाही म्हणून कुणी कुणाला कमी लेखू नये.

आणखी एक गोष्ट तुम्ही आत्ता अनुभवत असाल. नवं नातं सुरू झालं की माणूस हवेत असतो. आपण नव्याचे नऊ दिवस म्हणतो, पण प्रेमात ते नऊ दिवस सहा महिने, कधी दीड-दोन वर्षंही चालतात. त्या काळात जुन्या घरातलं सगळं फिकं दिसतं. ज्यांना हे नीट जमतं ते या काळात मोठे निर्णय घेत नाहीत. नोकरी बदलत नाहीत, घर घेत नाहीत, जुन्या जोडीदाराचे वार हलवत नाहीत. तुमच्या नवऱ्याचे आठ महिने या हिशेबात धरा.

प्रेम कमी पडत नाही असं ही मंडळी म्हणतात, आणि मला ते पटतं. पण रजा कमी पडते. गणपतीला पाच दिवस गावी यायचं ते यायचंच, मग त्या दिवसांत पुण्याचं माणूस एकटं. शिमग्याला पालखी घरी येणार त्या रात्री फोन बंद. मुलीचं स्नेहसंमेलन आणि तिकडचा वाढदिवस एकाच दिवशी आला तर? ज्यांनी हे आधी बसून ठरवलेलं असतं त्यांच्यात भांडणं होतात, पण ती संपतात. पैशांचंही तसंच. घरात किती पाठवायचे, तिकडे किती खर्च करायचे, हा आकडा दोघांना ठाऊक असावा. पैशाबद्दल बोलायला लाजणारे लोक प्रेमाबद्दल फार सुंदर बोलतात, असा माझा अनुभव आहे.

आता त्या पुण्याच्या मुलीबद्दल. तुम्हाला हे वाचायला जड जाईल, तरी लिहिते. अशा नात्यात सगळ्यात कमी अधिकार बहुधा तिसऱ्या माणसाचा असतो. आपल्याकडच्या कुळासारखं. पिढ्यान्पिढ्या जमीन कसायची, पण उताऱ्यावर नाव खोताचं. जोडपं आपसात नियम ठरवतं आणि तिला नुसतं कळवतं. जोडप्यात कुरबुर झाली की तिला एका मेसेजवर बाजूला केलं जातं. कुळांना निदान कायदा तरी मिळाला. हिला काय सांगितलं गेलं आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला सगळं मान्य आहे असंच कदाचित तिला सांगितलं असेल. मी असं सांगितलेलं पाहिलं आहे. तिच्यावर राग येणं स्वाभाविक आहे, पण तुमच्याशी वचनाने बांधलेला तो आहे, ती नव्हे.

तब्येतीबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट. आठ महिने त्याचे दोन ठिकाणी संबंध होते आणि त्यातलं एक तुम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा दोघांनीही तपासणी करून घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत आणि गुप्त होते. संसर्ग चाचणीत दिसायला काही आठवडे जातात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करा. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांचीही करा. बी-ची लस मोठेपणीही घेता येते. तालुक्याला ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल तर चिपळूणला किंवा रत्नागिरीला या. निकाल हातात येईपर्यंत निरोधशिवाय संबंध नको, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१२) असं दिसलं होतं की लपून बाहेर संबंध ठेवणारे लोक, उघडपणे ठरवून अनेक नाती ठेवणाऱ्यांपेक्षा निरोध कमी वापरतात. कारण उघड आहे. लपवणारा माणूस निरोधचं पाकीटही लपवतो.

कायद्याचं मात्र नीट वाचा, यात बायका फसतात.

परस्परसंमतीने दोन सज्ञान माणसांनी संबंध ठेवणं हा गुन्हा नाही. व्यभिचाराचं भारतीय दंड संहितेतलं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. पण हिंदू विवाह कायद्यात (१९५५) जोडीदाराचा बाहेरचा संबंध हे घटस्फोटाचं कारण अजूनही आहे. पहिलं लग्न असताना दुसरं केलं तर ते रद्दबातल ठरतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा "आपण तिघं देवळात जाऊन माळ घालू" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिल शहराने २०२० मध्ये दोनपेक्षा जास्त माणसांच्या सहजीवनाची नोंद करायला सुरुवात केली. आपल्याकडे तशी काहीही सोय नाही. तिसरं माणूस कितीही जवळचं असलं तरी वारसा, पेन्शन यात कायद्याने त्याला बायकोची किंवा नवऱ्याची जागा मिळत नाही. मृत्युपत्र करून मात्र स्वतःच्या कमाईतलं काही देता येतं.

आणि आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. जोडीदाराच्या बाहेरच्या संबंधाला तुम्ही साथ दिलीत, किंवा तो कळल्यावर माफ करून पूर्वीसारखा संसार चालू ठेवलात, असं न्यायालयाला दिसलं, तर त्याच कारणावरून पुढे घटस्फोट मागणं अवघड होतं. हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमात ते आहे. म्हणून "मला सगळं मान्य आहे" असं कागदावर, व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलवर घाईने लिहून देऊ नका. तो वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. चांगल्या माणसांचीही बाजू दोन वर्षांनी बदलते. आधी वकिलाला विचारा. बाईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तुम्ही हो म्हणा की नाही, लग्न टिकून आहे तोवर राहत्या घरात राहण्याचा तुमचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शाबूत आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी.

मुलीला आत्ता काही सांगायची गरज नाही. चौथीतल्या मुलीला आईबाबांच्या प्रेमाचे आकार कळायची निकड नसते. बाबा येतो म्हटला त्या शनिवारी आला की नाही, आणि आई रात्री का रडते, हे तिला कळतं. अशा घरांत वाढलेल्या मुलांबद्दल बाहेरच्या देशांत जे काम झालं आहे आणि मी जे पाहिलं आहे ते जुळतं. मुलं स्थिर माणसांमध्ये नीट वाढतात, माणसं किती आहेत यावर ते तितकंसं ठरत नाही. मुलांना त्रास होतो तो जीव लावलेलं माणूस अचानक यायचं बंद झालं की. म्हणून जाणती मंडळी नव्या माणसाची मुलांशी ओळख फार उशिरा करतात.

गावाचा मुद्दा शहरातल्या लेखांत नसतो, पण आपल्याकडे तोच पहिला. पुण्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं. इथे कुणाची गाडी कुणाच्या बेड्यासमोर किती वाजेपर्यंत होती हे सकाळी पाणवठ्यावर माहीत असतं. त्या मालवणच्या घरातही मित्राला वाडीत 'मावसभाऊ' म्हणूनच ओळखतात. सहा वर्षं खोटं नातं सांगण्याचा त्या तिघांनाही त्रास होतो. गणपतीच्या आरतीला तो मागे भिंतीशी उभा राहतो, हे सांगताना तिचा आवाज बदलतो. मोकळेपणावर उभं असलेलं नातं बाहेर मोकळेपणाने सांगता येत नाही, ही त्याची खरी किंमत आहे. आणि तुमच्या घरात ती किंमत तुम्ही भराल. तो पुण्याला परत जाईल, भावकीच्या बायकांमध्ये तुम्ही बसाल. हे त्याच्या लक्षात आलं आहे का, ते विचारा.

आता मागासलेपणाचं. मुळीच नाही. एकाच माणसाशी जीव लावून राहावंसं वाटणं ही तितकीच खरी ओढ आहे, आणि त्याला जशी आपली ओढ सांगायचा हक्क आहे तसा तुम्हाला तुमची. मी स्वतः एकनिष्ठ संसार केला, आणि त्या मालवणच्या तिघांचा मला मनापासून आदर आहे. यात मला काही विसंगत वाटत नाही. आणि असं उघड विचारणं हे बाहेरून आलेलं नाही. दापोलीजवळच्या मुरुडच्या घराण्यातले र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक प्रश्नांवरचं मासिक चालवत होते. लोकांनी खासगीतले प्रश्न विचारावेत आणि त्यांना सरळ उत्तर मिळावं यासाठी त्यांनी खटले सोसले. तुम्ही विचारलंत, ते त्याच रीतीला धरून आहे.

तुमच्या नवऱ्याबद्दल माझं मत सांगते, पटलं तर घ्या. त्याने आठ महिने लपवलं आणि मग नाव देऊन सांगितलं. नाव खरं आहे, पण क्रम उलटा झाला. तुम्हाला विचारण्याची वेळ पहिल्या महिन्याच्या आधी होती. दिवाळीत त्याने विचारलं नाही, कळवलं. तरीही तो स्वतःहून बोलला, पकडला गेला म्हणून नाही, याची मी नोंद घेते. लपवण्यापासून सुरू होऊन पुढे प्रामाणिक झालेली दोन नाती मी पाहिली आहेत. त्या दोन्हींत आधी लपवलेल्या दिवसांबद्दल पूर्ण बोलणं झालं. माफी मागितली गेली, आणि नव्या नात्याला बराच काळ थांबवून ठेवलं गेलं. थांबवायला जो तयार होत नाही, त्याला तुमची संमती नको असते. त्याला तुमची सही हवी असते.

येत्या शनिवारी तो आला की मुलगी झोपल्यावर, सासू-सासऱ्यांच्या कानाआड, खळ्यात बसा. फोन आत ठेवायला सांगा. त्याने पाठवलेल्या लिंकांबद्दल बोलू नका, त्याला बरोबर-चूक ठरवू नका. एवढंच विचारा: "मी नाही म्हटलं तर काय होईल?" मग गप्प बसा. तो "तर मी तिच्याशी बोलून थांबेन आणि आपण दोघं कुणाकडे तरी जाऊ" म्हणाला, तर तुमच्यापुढे विचार करायला खरंच काहीतरी आहे. हो म्हणायचं की नाही, की वर्षभराने ठरवायचं, ते तुमच्या हातात आहे. "नाही म्हणून कसं चालेल, हा माझा स्वभावच आहे" असं म्हणाला, तर तेही उत्तरच आहे, आणि मग वकिलाकडे जायचा दिवस ठरवा. तुमची पतपेढीतली नोकरी कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. आणि तो काहीही म्हणाला तरी तुमचं उत्तर त्याच रात्री देऊ नका. रविवारी दुपारच्या गाडीने तो जाऊ दे, तुम्ही एक आठवडा घ्या, आणि वाटलं तर मला पुन्हा लिहा.